लीचेसचं ब्रॉडकास्ट: बातुमीचा महिला वर्ल्डकप मी असा फॉलो केला

बरेच दिवस लिहायचं होतं हे. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ च्या, जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्डकप झाला, तो मी पहिल्या फेरीपासून फायनलपर्यंत जवळपास सगळा लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर बघितला, आणि तेव्हापासून जो कोणी विचारतो की बाई तू या स्पर्धा बघतेस कुठे, त्याला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी माझं मत. अशी स्पर्धा फॉलो करायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. फुकट आहे, एकही जाहिरात नाही, लॉगिन केलं नाही तरी सगळे डाव उघडतात. २०१० मध्ये थिबो डुप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने हे सुरू केलं, आज ती ना-नफा संस्था आहे आणि लोकांच्या देणग्यांवर चालते. मी पण थोडे पैसे देते, कारण ज्या गोष्टीवर आपण महिनाभर रोज चार-पाच तास बसतो ती कोणीतरी चालवत असतं ना.

आता मुद्द्याचं. बातुमीत १०७ खेळाडू होत्या आणि स्पर्धा नॉकआऊट, म्हणजे सामना हरली की बाहेर. वरच्या २१ जणींना पहिल्या फेरीत बाय (न खेळता थेट दुसरी फेरी), म्हणजे उरलेल्या ८६ जणींचे ४३ सामने एकाच वेळी सुरू. तुम्ही ब्रॉडकास्ट उघडलं की हे सगळे पट छोटे छोटे शेजारी शेजारी दिसतात, प्रत्येकावर दोघींची नावं, रेटिंग आणि दोन्ही घड्याळं, चाल पडली की पट हलतो. कुठल्याही पटावर टच केलं की तो मोठा होतो आणि आतापर्यंतच्या सगळ्या चाली बाजूला, मागे जाऊन बघा, स्वतःची चाल करून बघा, खऱ्या डावाला काही होत नाही. मला पहिल्या दिवशी तर एका डावावर थांबताच येत नव्हतं, हा बघू का तो बघू.

पण खरी गंमत घड्याळात आहे आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. नवीन बघणारी सगळी माणसं इंजिनचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचा, तो काळा-पांढरा बार बघत बसतात. बार वर गेला की पांढरी जिंकतेय, खाली आला की काळी. मी पण आधी तेच करायचे. त्याने एक होतं, तुम्ही खेळाडूला बघतच नाही, तुम्ही कॉम्प्युटरला बघता. कॉम्प्युटरला वीस चाली पुढचं दिसतं, पटावर बसलेल्या बाईला तीन तास डोकं लावून झाल्यावर चार मिनिटात ते शोधायचं असतं. त्यामुळे बार म्हणतो प्लस तीन, म्हणजे पांढरी जवळपास जिंकलीच, आणि समोर प्रत्यक्षात ती चाल कोणालाच सापडण्यासारखी नसते. लीचेसवर इंजिन बंद करायचं बटण आहे, छोट्या पटांच्या बाजूचे बार पण घालवता येतात. ते घालवा. आणि मग घड्याळ बघा.

क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावाला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटं, पुढे अजून ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद वाढ. हे एकदा डोक्यात बसलं की डाव वाचता यायला लागतो. एखादीने पहिल्या पंधरा चाली खेळल्या आणि घड्याळात सुरुवातीपेक्षा वेळ जास्त दिसतोय म्हणजे ती घरून तयारी करून आलीय, अजून तिचं खेळणं सुरूच झालं नाहीये. मग अचानक एका चालीवर पंचवीस मिनिटं जातात, तिथे थांबायचं. तिथे काहीतरी झालंय, समोरचीने तिला तयारीच्या बाहेर काढलंय. आणि तिसाव्या चालीला दोघींकडे दोन-दोन मिनिटं उरली असतील तर जेवण बाजूला ठेवून बसा. लीचेस प्रत्येक चालीच्या वेळी घड्याळात किती उरलं होतं ते पण साठवून ठेवतं, त्यामुळे नंतर डाव बघतानासुद्धा कोण कुठे अडकली ते कळतं. ही एक सोय माझ्यासाठी बाकी सगळ्यावर भारी आहे.

दुसरी गोष्ट नॉकआऊट समजून घ्यायची. प्रत्येक सामना दोन क्लासिकल डावांचा, दोन दिवस, एकदा पांढरी एकदा काळी. बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे निकाल लावायला कमी वेळेचे डाव: आधी १५ मिनिटांचे दोन रॅपिड, मग १० मिनिटांचे दोन, मग ५ मिनिटांचे ब्लिट्झ. म्हणजे पहिला डाव हरली तरी ती स्पर्धेतून गेली असं नाही. मी त्या आधी एक दुसरं अ‍ॅप वापरत होते, नाव नाही घेत, त्याचं नोटिफिकेशन यायचं "पराभव" आणि मी धस्सकन व्हायचे, मग कळायचं अजून उद्याचा डाव बाकी आहे. आणि मधे मधे जाहिराती, ऐन वेळेला. शिवाय रेकॉर्डिंग बघायचं ठरवून संध्याकाळभर फोन टाळावा तर लॉकस्क्रीनवरच निकाल. काढून टाकलं ते.

नॉकआऊटचा तक्ता मात्र मी स्वतः वहीत ठेवला. दुहेरी पान, डावीकडून ६४ नावं आणि मग उजवीकडे सरकत निम्मी निम्मी. सांगते का ते, कारण स्क्रीनवर तुम्ही आजचा डाव बघता, पण एखादी खेळाडू कुठून कशी पुढे आली, तिला विश्रांतीचा दिवस मिळाला का ती सलग टायब्रेक खेळत आली, हे असं हाताने लिहिल्याशिवाय लक्षातच येत नाही. टायब्रेक झाला की मी नावापुढे लाल टिंब द्यायचे. दिव्या देशमुखच्या नावापुढे टिंबं वाढत गेली तशी मला काळजी वाटायला लागली, कारण ज्यांनी दोन दिवसात संपवलं त्या तिसऱ्या दिवशी झोपतात.

तिचा प्रवास आठवा. १५ वं मानांकन, एकोणीस वर्षांची, नागपूरची पोरगी. चौथ्या फेरीत समोर झू जिनर, स्पर्धेतलं दुसरं मानांकन. पहिला डाव जिंकली, दुसरा हरली, टायब्रेकमध्ये काढली. लाल टिंब. मग क्वार्टर फायनलला आपलीच हरिका द्रोणवल्ली, दोन्ही क्लासिकल बरोबरीत आणि रॅपिडचे दोन्ही डाव दिव्याने घेतले. परत लाल टिंब. त्या फेरीत कोनेरू हम्पी, हरिका, आर. वैशाली आणि दिव्या अशा आपल्या चौघी होत्या, आठातल्या चार! आणि त्यातल्या दोघी समोरासमोर, कोणासाठी टाळ्या वाजवायच्या तेच कळेना.

सेमीफायनलला तान झोंगयी, माजी वर्ल्ड चॅम्पियन, वैशालीला हरवून आलेली. दुसरा डाव १०१ चालींचा झाला. एकशे एक! हा डाव मी इंजिन बंद ठेवून बघितला आणि मी खात्रीने सांगते, बार लावून बघितला असता तर मी पन्नासाव्या चालीला वैतागून उठले असते, कधी जिंकतेय कधी बरोबरी कधी परत जिंकतेय. बार नव्हता म्हणून मला फक्त दोघी दिसत होत्या, दर चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवर जगणाऱ्या, आणि पट हळूहळू रिकामा होत चाललेला. चालीचा तो टक आवाज येतो ना, तो चालू ठेवा, दुसरं काम करता करता कान तिकडेच राहतात.

त्याच वेळी शेजारच्या पटावर हम्पी आणि लेई टिंगजिए. तो सामना तर पार ब्लिट्झपर्यंत गेला आणि हम्पीने ५-३ ने काढला (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). ३८ वर्षांची बाई, २००२ ला पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, आणि पाच मिनिटांच्या डावात स्वतःहून कितीतरी लहान खेळाडूला दोनदा हरवते. हे बघायला मिळालं हेच पुष्कळ.

तांत्रिक बाजू थोडक्यात. पटात सेन्सर असतात, मोहरा उचलून ठेवला की चाल आपोआप जाते. त्यामुळे घाईत मोहरा सरकला, नीट घरात बसला नाही तर कधी कधी ऑनलाइन पट अडकतो किंवा विचित्र चाल दिसते, घाबरू नका, थोड्या वेळात दुरुस्त होतं. डाव संपल्यावर दोन्ही राजे मधोमध ठेवतात, ती निकालाची खूण असते: दोघे पांढऱ्या घरात म्हणजे पांढरी जिंकली, दोघे काळ्या घरात म्हणजे काळी, एकेक असेल तर बरोबरी. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. काही स्पर्धांमध्ये चीटिंग टाळायला चाली मुद्दाम काही मिनिटं उशिरा सोडतात, तर नेट स्लो आहे समजून रिफ्रेश मारत बसू नका. मोबाइल अ‍ॅपवर पण ब्रॉडकास्ट आहे पण पहिल्या फेऱ्यांना मोठा स्क्रीनच हवा, ४३ पट फोनवर नाही बघता येत. कॉमेंट्री मी यूट्यूबवर वेगळी लावायचे. आवाज तिथला आणि पट इथला. चॅट मी बंदच ठेवते, तिथे प्रत्येकजण इंजिन बघून खेळाडूंना नावं ठेवत असतो, ते वाचून त्रास होतो.

फायनल. हम्पी विरुद्ध दिव्या, दोन्ही क्लासिकल बरोबरीत, २८ जुलैला टायब्रेक. पहिला रॅपिड बरोबरी. दुसऱ्यात दिव्याकडे काळी. १५ मिनिटांच्या डावात पट बघायचा का घड्याळ ते कळत नाही, मी घड्याळ धरून बसले. हम्पीचा वेळ आधी उतरत गेला, आणि मला तेव्हाच पोटात गोळा आला, कारण एवढ्या वर्षांची माझी आवडती खेळाडू ती आहे आणि दुसरीकडे ही पोरगी. दिव्या जिंकली, २.५-१.५. एकही नॉर्म (ग्रँडमास्टर किताबासाठी स्पर्धांमध्ये गाठावा लागणारा टप्पा) हातात नसताना स्पर्धेला गेलेली मुलगी त्या एका विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी, आणि महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशालीनंतर चौथी. नंतर व्हिडिओत ती आईच्या गळ्यात पडून रडत होती, इकडे मी पण.

अजून एक सोय राहिली सांगायची, सगळे डाव पीजीएन, म्हणजे चाली लिहिलेल्या साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात. मी त्या १०१ चालींच्या डावाची लीचेसवर एक स्टडी, म्हणजे अभ्यासाची वही, करून ठेवलीय, रात्री झोपायच्या आधी दहा-बारा चाली पुढे जाते, आधी स्वतः चाल शोधते, मग तिने काय खेळलं आणि घड्याळात तेव्हा किती उरलं होतं ते बघते. सध्या ६३ व्या चालीवर आहे.