ऑलकॉक एरियल घ्यावं की हार्डी परफेक्ट? जुनं इंग्लिश रीळ घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहून गळाच्या मासेमारीचा नाद लागला की कधीतरी जुनं रीळ घ्यावंसं वाटतंच, आणि मग दोन नावं हमखास समोर येतात, रेडिचची ऑलकॉक आणि अ‍ॅल्निकची हार्डी. ऑलकॉक कंपनी म्हणून १९६० च्या दशकातच संपली, हार्डी हे नाव अजून चालू आहे. त्यामुळे सगळे पहिली शंका हीच काढतात, की बंद पडलेल्या कंपनीचा माल घेऊन उद्या पार्ट कुठून आणायचे आणि दुरुस्ती कोण करणार. माझं मत स्पष्ट आहे, साध्या सेंटरपिन रिळाच्या बाबतीत (म्हणजे मधल्या एका दांड्यावर ड्रम मोकळा फिरतो असं रीळ, एरियल त्यातलंच) या शंकेला फार वजन देऊ नका, तुम्ही कुठल्या पाण्यात आणि कशा पद्धतीने मासा धरणार आहात ते आधी ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

पण आधी थोडं या कंपन्यांबद्दल, कारण त्यांचा स्वभावच रिळात उतरलाय.

रेडिच हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, वूस्टरशरमधलं गाव, आणि ते मुळात सुयांचं गाव. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जगातल्या ९०% सुया याच भागात व्हायच्या असं सांगतात. आता सुई आणि गळ ही सख्खी भावंडंच, तीच पोलादी तार, तेच टोक काढणं, तेच तापवून तेलात विझवणं, फक्त गळाला वाक आणि काटा जास्तीचा. म्हणून सुयांच्या गावात गळांचा धंदा उभा राहिला. (रेडिचच्या शेजारी स्टडलीला नीडल इंडस्ट्रीज नावाची कंपनी होती, तिने १९४९ मध्ये निलगिरीत केट्टीला आपली भारतातली कंपनी काढली आणि आपल्या घरोघरी ज्या पोनीच्या विणकामाच्या सुया असतात त्या तिथल्याच. म्हणजे आईच्या लोकरीच्या पिशवीत आणि या रिळांच्या गोष्टीत एक धागा खरंच आहे, मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.)

पॉलिकार्प ऑलकॉकने १८०० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गळ करायला घेतले आणि त्याचा मुलगा सॅम्युअल याने तो धंदा जगभर नेला. क्लाइव्ह रोडवरचा त्यांचा कारखाना म्हणजे स्टँडर्ड वर्क्स, गळ, रॉड, रिळं, पाण्यावर तरंगणारे फ्लोट, खोटी आमिषं, मासेमारीला लागणारं सगळं एका छताखाली, आणि आम्ही या धंद्यात जगात सगळ्यात मोठे असं ते अभिमानाने सांगायचे. माल दुकानदारांना घाऊक जायचा, बऱ्याचदा दुकानाचंच नाव घालून. त्यामुळे ऑलकॉकमध्ये अगदी स्वस्तातल्या मालापासून उत्कृष्ट मालापर्यंत सगळं सापडतं, नुसतं नाव बघून दर्जा ठरवता येत नाही, मॉडेल बघावंच लागतं.

हार्डीचं तसं नव्हतं. विल्यम हार्डीने १८७२ मध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या अ‍ॅल्निकला बंदुकांचं दुकान काढलं, मग भाऊ जॉन जेम्स आला, आणि बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या स्प्लिट केन रॉडवर त्यांचं नाव झालं. गिऱ्हाईक म्हणजे सॅमन-ट्राउटवाले जमीनदार, राजघराण्यातले लोक, लंडनला पॅल मॅलवर दुकान. दर्जा बऱ्यापैकी एकसारखा, पण त्या नावाचे पैसे तेव्हाही मोजावे लागायचे आणि आजही लागतात.

आता मुद्द्याचं. हार्डीचं परफेक्ट १८९१ पासूनचं, ते फ्लाय रीळ आहे, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने मासा धरायचं. आत बॉल बेअरिंग, अंगाने भरीव, टिकायला दणकट, आवाज असा की मासा पळाला की काठावर सगळ्यांना कळतं. ऑलकॉकचं एरियल नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सनच्या डोक्यातून निघालेलं, १८९० च्या दशकातलं. नॉटिंगहॅमला ट्रेंट नदी, तिथे फ्लोट प्रवाहाबरोबर लांबवर सोडत न्यायचा, म्हणजे पाण्याने दोरा ओढला की रीळ आपोआप फिरलं पाहिजे. आधीची अक्रोडाच्या लाकडाची रिळं जड, ओल लागली की फुगायची. कॉक्सनने सायकलच्या चाकासारखा ड्रम केला, मधे जवळजवळ काहीच नाही, ताणलेल्या तारा फक्त. इतकं हलकं की मंद प्रवाहातसुद्धा फिरत राहतं. ज्याने एकदा चांगल्या एरियलवर फ्लोट सोडलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

म्हणून ट्राउट आणि फ्लाय असेल तर परफेक्ट घ्या, रोच, चब, बार्बेल हे नदीतले मासे आणि फ्लोट असेल तर एरियल, यात खरं तर स्पर्धाच नाही. लोक दोन्ही शेजारी ठेवून भाव बघत बसतात आणि मग फ्लोटसाठी परफेक्ट घेऊन वैतागतात. एक मात्र आहे, एरियलवर लांब फेकायचं तर हात बसवावा लागतो. वॉलिस कास्ट म्हणतात त्याला, रॉड फिरवताना दुसऱ्या हाताने दोरा ओढून ड्रमला गती द्यायची आणि बोटाने आवरायचं. ज्या एफ डब्ल्यू के वॉलिसच्या नावाने तो ओळखला जातो त्याच्याच नावाचा वॉलिस विझार्ड रॉड ऑलकॉकने काढला, ११ फुटी, आणि एरियलबरोबर ती जोडी अजून लोक आवडीने वापरतात. तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर एरियल कपाटातच राहील.

बजेट कमी असेल तर तिसरा पर्याय आहे, रेडिचच्याच जे डब्ल्यू यंगचं रॅपिडेक्स. दिसायला साधं, एरियलइतकं हलकं नाही, पण शिकायला उत्तम, आणि पडलं-झडलं तरी जीव जात नाही. पहिलंच सेंटरपिन घेणाऱ्याला मी तरी हेच सांगेन.

दुरुस्तीचं बोलायचं तर एरियलमध्ये मोडायला आहेच काय, एक दांडा, एक ड्रम आणि कर्र आवाज करणारी चेकची स्प्रिंग. चांगला लेथवाला बरंचसं करून देतो. ऑलकॉक बुडाली ती रिळं वाईट होती म्हणून नव्हेच. युद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आले, स्पेनच्या मुर्सियाहून यायचा तो रेशीमकिड्यांपासून काढलेला ‘गट’ नावाचा धागा नायलॉनने संपवला, फेकताना ज्याचा ड्रम फिरत नाही त्या फिक्स्ड स्पूल रिळाने कोणालाही पहिल्या दिवशी लांब फेकता यायला लागलं, आणि शेवटी शेक्सपिअर नावाच्या अमेरिकन कंपनीने ऑलकॉक ताब्यात घेतली. हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

घेताना रीळ हातात घेऊनच बघा. बोटाने हलकं फिरवा, बराच वेळ न डगमगता फिरलं पाहिजे. बाजूने डुलत असेल तर दांडा किंवा ड्रम वाकलाय, सोडून द्या. एरियलची एकेक तार तपासा, जुन्यांवर काळ्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) कडांना केसाएवढी चीर असते ती उजेडात धरून शोधा. रॉडवर बसावी म्हणून रिळाची पट्टी कानशीने घासलेली असेल तर वापरायला अडचण नाही, पण भाव पाडूनच घ्या. रंग नवा दिसत असेल तर का दिला ते विचारा. आणि घेतल्यावर त्यावर नायलॉन दोरा ताणून गुंडाळून ठेवू नका, ताणलेलं नायलॉन आकसत जातं आणि नाजूक ड्रम आवळून वाकवतं, घरी आलात की दोरा एकदा सगळा सोडून सैल हाताने परत गुंडाळा.