रिसॉर्टनं मोडीत काढलेली गोल्फ कार्ट गोठ्याच्या कामाला: ९० हजारांत काय मिळालं

डोक्यावरच्या भाऱ्याशी तुलना कराल तर ही गाडी जगात भारी. ट्रॅक्टरशी कराल तर खेळणं. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी आहे त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडं चार म्हशी, अडीच एकर ऊस, आणि रान घरापासून पाणंदीनं बरंच आत. मालक शिरोलीला फाउंड्रीत जातात. म्हणजे वैरण आणायची, दूध घालायचं, शेण उकिरड्यावर न्यायचं, खताची पोती रानात पोचवायची, हे सगळं माझ्या आणि आत्तींच्या वाट्याला. आत्तींची मान आता भारा झेलत नाही. म्हणून गोव्यातल्या एका रिसॉर्टनं मोडीत काढलेली दोन सीटची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट घेतली आणि कोल्हापुरात उद्यमनगरात नीट करून घेतली.

हिशेब आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. बंद गाडी २८ हजार. आंबोली घाटातनं टेम्पोनं आणायचं भाडं ७ हजार. बॅटऱ्या जुन्या परत देऊन वर ३३ हजार. मोटरचं काम, केबली, ब्रेक, चार्जर आणि मागचा हौदा मिळून २२ हजार. झाले ९० हजार. एवढ्यात धड चालणारा जुना छोटा हत्तीही सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याचं पासिंग, विमा, डिझेल कोण बघणार?

बंद पडलेली गाडी घेताना लोक पेडल दाबून बघतात आणि हलली नाही की भाव पाडतात. भाव पाडा, पण बघायची जागा ती नव्हे. बॅटऱ्या मेलेल्याच असणार असं धरूनच चाला. सीट उचला, बॅटऱ्यांच्या खालचा ट्रे आणि चॅसी बघा. वर्षानुवर्षं ॲसिड तिथंच ठिबकतं. क्लब कार कंपनीच्या गाड्यांची चॅसी ॲल्युमिनियमची असते, ती गंजत नाही. ई-झी-गोची लोखंडी असते, तिथं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायचं. पापुद्रा निघाला तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यायची. आणि आपल्या भागातलीच गाडी घेणार असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची आठवण ठेवा. मोटरच्या आत किंवा कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या डब्याच्या) मागं वाळलेल्या गाळाची रेघ दिसली की हात जोडून परत यायचं. आमच्या गाडीचा ट्रे खराब होता, चॅसी ठणठणीत होती. खायचा सोडा पाण्यात कालवून सगळं घासून धुतलं, फेस यायचा थांबेपर्यंत. मग दोन हात रंग.

आता उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगर म्हटलं की लोकांना ऑइल इंजिनं आठवतात. पण माझ्यासारखीला त्याचा खरा उपयोग असा की टर्नर, मोटरची वायर गुंडाळणारा वाइंडर, स्प्रिंगवाला, बेअरिंगवाला, केबलच्या टोकाला लग (नटाखाली बसणारं कडं) दाबून देणारा, सगळे चालत जायच्या अंतरावर. गोल्फ कार्ट यांतल्या कुणीच आधी उघडलेली नव्हती. तरी एकानंही "हे आमचं काम न्हवं" म्हटलं नाही.

मोटर ज्यांच्याकडं दिली ते वाइंडर मामा साठीच्या पुढचे. मी विचारलं, "मामा, आधी नव्या बॅटऱ्या टाकून बघायच्या का?"

"वैनी, पैसं उतू गेल्यात काय? आधी मोटर फिरतीय का बघू, मग बॅटऱ्या घ्या की."

मागची चाकं जॅकवर उचलली, एकच १२ व्होल्टची बॅटरी थेट मोटरला जोडली. चाकं कुरकुरत फिरली. म्हणजे मोटर जिवंत. हे करताना एक गोष्ट मामांनी दोनदा बजावली. जुन्या गाड्यांत बहुतेक सिरीज वाइंडिंगची मोटर असते. ती गाडीतनं काढून, बिनलोडाची, पूर्ण व्होल्टेजवर कधी चालवायची नाही. वेग आवरत नाही आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, फुटतो. १२ वर, तीही चाकाला जोडलेली असतानाच बघायची.

मोटर उघडल्यावर कार्बन ब्रश झिजून बोटाच्या पेरापेक्षा कमी उरलेले, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर चरे. टर्नरनं कम्युटेटरला हलका कट मारला, ब्रश आणि बेअरिंग नवी, साडेतीन हजार रुपये. पुढं-मागं करायचा जो दांडा असतो, त्याच्या आतले तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडलेले. तसला सुटा भाग कुठं शोधत बसायचा? तांब्याच्या पट्टीतनं तेच घडवून दिले, १,२०० रुपयांत. सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच, मात्र नवाच घ्यावा लागला. पेडल दाबल्यावर सीटखाली जो 'टक' आवाज येतो तो त्याचा. आवाज येतो आणि गाडी हलत नाही, तर बहुतेक पुढं बिघाड. आवाजच येत नाही, तर बहुतेक बॅटरी, किल्ली, पेडलचा मायक्रोस्विच यांच्यात. एवढं कळलं तरी कुठलाही मेकॅनिक तुम्हाला फिरवू शकत नाही.

केबलींबद्दल कुणी बोलत नाही, पण मला सगळ्यांत जास्त फरक तिथंच दिसला. वरनं रबर चांगलं, आत तांबं हिरवं पडलेलं. चढाला ही गाडी शंभर ॲम्पियरच्या वर सहज ओढते. एवढा करंट कुजक्या केबलीतनं गेला की लग तापतं, ताकद वाटेतच मुरते, आणि माणूस बॅटरीला शिव्या देतो. सगळ्या केबली जाड तांब्याच्या नव्या करून घेतल्या, २,८०० रुपये. रानातनं भरून आल्यावर किल्ली बंद करून मी प्रत्येक लगाजवळ हात नेऊन बघते. एखादं इतरांपेक्षा गरम लागलं की तो नट सैल.

बॅटऱ्यांचं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसा तिथंच जातो. मूळ गाडी ४८ व्होल्टची, आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांची. तशा बॅटऱ्या मागवायच्या तर भाव ऐकूनच घाम फुटतो. एका दुकानदारानं इन्व्हर्टरच्या उंच ट्यूब्युलर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. त्या सीटखाली मावत नाहीत ही पहिली अडचण, आणि घराच्या कोपऱ्यात गप बसून राहायला केलेली वस्तू पाणंदीतले धक्के कशाला सोसेल? दुसऱ्यानं ट्रकच्या सांगितल्या. त्या स्टार्टर मारण्यापुरत्या असतात, रोज निम्म्यापर्यंत उतरवल्या की काही महिन्यांत बसतात. आम्ही ई-रिक्षाच्या घेतल्या: १२ व्होल्ट, १३० एएचच्या (ॲम्पियर-तासाच्या) चार, एकापुढं एक जोडून ४८. रोज उतरवायच्या आणि धक्के खायच्या कामासाठीच त्या बनवलेल्या असतात, आणि बिघडली तर दुसरी गावात मिळते. चारींचे ४६ हजार झाले. जुन्या सहा परत दिल्या, त्यांचे शिशाच्या वजनावर १३ हजार वजा. जुन्या बॅटऱ्या गाडीबरोबर द्यायला विकणारा का-कू करत असेल तर सोडू नका, मेलेली बॅटरीसुद्धा पैसा आहे. चार्जरही ई-रिक्षाचाच, ३ हजारांचा.

पूर्ण भरलेल्या चार बॅटऱ्या चार्जर काढून तासाभरानं मोजल्या तर ५१ व्होल्टच्या आसपास दाखवतात. चार्ज निम्म्याच्या खाली उतरू द्यायचा नाही. रात्री गोठ्याच्या पडवीत चार्जिंगला लावते, तीन-चार युनिट लागतात. जागा मोकळी हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो ठिणगीनं पेटतो. आत्तींची मिश्रीची शेगडी त्या बाजूला न्यायची नाही, हा नियम. प्लेटा उघड्या पडायच्या आत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बोअरचं नाही, पण काठोकाठ भरायचं ते चार्ज झाल्यावरच. आणि बायांनो, नट आवळायला बसताना हातातल्या पाटल्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात खोचा. दोन टर्मिनलांना सोनं टेकलं तर वितळायला क्षण लागतो. पान्याच्या दांड्यालाही मी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

मागं गोल्फच्या काठ्यांची पिशवी ठेवायची जागा होती ती काढून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं अँगल आणि चेकर्ड प्लेटचा हौदा करून घेतला, ८,२०० रुपये. त्याला मोठा करायची फार हौस. मी अडवलं. दोन माणसं धरून सगळं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास ठेवायचं असतं. हौदा मोठा केला की भरायचा मोह होतो आणि मागचा ॲक्सल बसतो. आता एका वेळी उसाच्या वाड्याचे सहा भारे येतात, किंवा युरियाची ४५ किलोची चार पोती आणि मी. फवारणीला दोनशे लिटरचं पिंप न्यायचं तर एकटीनंच जायचं आणि पिंपाला दोरी घट्ट बांधायची, नाहीतर वळणावर पाणी डुचमळून गाडी ओढते.

रोजचं काम ती कसं करते? सकाळी धार झाली की कॅन हौद्यात, दूध संस्थेत. येताना गोळी पेंडेचं पोतं. मग रान. स्टीअरिंगच्या मधोमध एक चिमटा आहे, खेळाचे गुण लिहायचा कागद अडकवायला दिलेला. त्यात आता दूध संस्थेची फॅट-एसएनएफची, म्हणजे दुधाच्या प्रतीची, पावती असते. वरचं छत ठेवलं, उन्हाळ्यात भांगलायला आलेल्या बाया जेवायला त्याखाली बसतात. पुढची काच तडकलेली होती, काढून टाकली. गाडी इतकी गप चालते की म्हशी बुजत नाहीत. पण पाणंदीतनं चालणाऱ्या माणसालाही ती मागं आलेली कळत नाही, म्हणून विकलेल्या बैलांची घुंगुरमाळ पुढं बांधली आहे. हॉर्नपेक्षा बरी.

आता वाईट. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही केबलीचे. शू आणि केबल बदलायला दीड हजार गेले, तरी भरल्या गाडीनं माळाच्या उतारावरनं येताना जीव मुठीत. ही जुन्या पद्धतीची मोटर उतारावर गाडीला धरून ठेवत नाही. ज्या गाड्यांत मोटरच उलट करंट देऊन वेग धरते तशी मिळाली तर चार पैसे जास्त द्या. माझा इलाज साधा, उताराच्या आधीच वेग मोडायचा आणि पायाचा दाब सोडायचा नाही.

दुसरं म्हणजे चिखल. काळ्या रानात पाऊस पडला की विषय संपला. एक चाक फिरायला लागलं की दुसरं नुसतं बघत बसतं. पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ती टेकते आणि चाकं अधांतरी. हंगामात कारखान्याच्या गाड्या सुरू झाल्या की मी बांधाच्या कडेनं जाते. पावसाळ्यात तर तिचं काम घर, गोठा, उकिरडा आणि मुरमाच्या वाटेपुरतं. आषाढात भारा परत डोक्यावर येतो, हे कबूल करून घ्या. पुराचा इशारा आला की बॅटऱ्या सोडवत बसायचं नाही, गाडीच आधी उंचावर.

तिसरं, डांबरी रस्ता. "बॅटरीची आहे, लायसन कशाला," असं सांगणारे भेटतील. नोंदणीची सूट अडीचशे वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, साठ किलोपेक्षा हलक्या गाड्यांना आहे. गोल्फ कार्टची मोटर आणि वजन दोन्ही त्याच्या कितीतरी पुढं. आमची दूध संस्था गावातच, मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, म्हणून जमलं. तुमची हायवेपलीकडं असेल तर हा नाद करू नका.

उद्यमनगरातल्या कामाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण "उद्या या" याचा. तो उद्या कधी उगवेल हे विचारायचं नाही, सकाळी दुकान उघडताना जाऊन समोर बसायचं. चहा मिळतो आणि कामही होतं. पावती मागितली तर कागदाच्या तुकड्यावर देतात, पण बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देतात, मला तेच जास्त पटलं. गाडीला पाचपैकी साडेतीन. ब्रेकला अर्धा आणि चिखलाला एक कापला.

एक काम राहिलंय. मागचे टायर हिरवळीवर चालायचे, गुळगुळीत, १८ बाय ८.५०, ८ इंची रिमचे. याच मापात खोल नक्षीचे टायर येतात, त्यानं चिखलात थोडा तरी फरक पडेल. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात कुणाकडं जोडी असेल, वापरलेली चालेल, तर खाली भाव लिहा.