सगळा जोर की बेताचा?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून विमान सुटताना बाबा हमखास विचारतात, “इंजिन पूर्ण जोर लावतंय ना?” बहुतेक वेळा नाही!

पूर्ण जोर लावला तर धावपट्टी कमी लागते, पण टर्बाइनची पाती जास्त तापून लवकर झिजतात. बेताच्या जोरात गंमत आहे: बाहेर २८ अंश असताना वैमानिक कॉम्प्युटरला ५० सांगतात. हवा तापलीय असं समजून इंजिन हात आखडतं, फार तर २५ टक्के. एअरबसमध्ये थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा, शेवटच्या खाचेच्या एक खाच अलीकडे ठेवतात. गरज पडली की ढकला पुढे. इंधन मात्र यात वाचत नाही.

पुणे सुमारे ५९० मीटर उंचीवर, धावपट्टी अडीच किलोमीटरची. एप्रिलच्या दुपारी भरलेल्या विमानाला अशी काटकसर फारशी परवडत नाही. धावपट्टीवर पाणी साचलं असेल तर ही काटकसर बादच.