नुसतं बेअरिंग की अख्खा हब?

जळगाव-धुळे हायवेला साठच्या पुढे गाडीच्या चाकातून घूं घूं येतंय, वळणावर वाढतंय, म्हणजे बहुतेक हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग गेलं.

नुसतं बेअरिंग स्वस्त, पण प्रेस (दाब देऊन बसवायचं यंत्र) हवाच. नकलमध्ये (हब-बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) बसवताना दाब बाहेरच्या रेसवरच (बेअरिंगच्या कड्यावरच) द्यायचा. आतल्या रेसवर दिला की गोळ्यांचे खळगे उमटतात अन् नवं बेअरिंगही लवकरच गुणगुणायला लागतं. जुनी आतली रेस हबवरच अडकते, पुलरने काढा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगचं चुंबकी सील चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे. टाचणी हलकी चिकटते ती बाजू चुंबकी. सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) नवी.

बोल्टचा हब (बेअरिंग आतच असलेला) महाग, काम मात्र तीन-चार बोल्टांचं.

तालुक्याच्या गॅरेजात प्रेसऐवजी हातोडा निघाला, तर नकल काढून जळगावला प्रेसवर न्या. अ‍ॅक्सल नटही (हब अ‍ॅक्सलवर घट्ट धरणारा) नवा.