दॅटसन २४०झेड की आर३२ जीटी-आर? भाच्याने विचारलं म्हणून सगळंच लिहून टाकलं

परवा रात्री साडेअकराला भाच्याने दोन लिंका पाठवल्या, एक १९७१ची दॅटसन २४०झेड, दुसरी १९९१ची निसान स्कायलाइन जीटी-आर म्हणजे आर३२, आणि खाली एवढंच, "मामा, कुठली?" आता मी न्यू जर्सीत, तो कॅलिफोर्नियात, पगार बरा आहे, लग्न व्हायचंय, म्हणजे हीच वेळ आहे असली खाज भागवायची. माझ्याकडे झेड आहे, दहा वर्षं झाली. आर३२ माझी नाही, मित्राची आहे, पण तिच्याखाली मी माझ्या गाडीइतकाच वेळ आडवा झालोय, त्यामुळे दोघींबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे असं धरून चालतो.

आधी एक सांगतो, दॅटसन हा निसानचाच ब्रँड, आणि आपल्याकडे दॅटसन म्हटलं की लोकांना ती गो आठवते आणि हसतात. ही ती नव्हे. ही १९६९च्या शेवटी आली, लांब नाक, सरळ सहा सिलेंडरचं २.४ लिटर इंजिन, जेमतेम हजार किलोच्या वर वजन, आणि अमेरिकेत किंमत ठेवली ३,५२६ डॉलर. तेव्हा युरोपातली असली गाडी घ्यायची तर खिसा फाटायचा. अमेरिकेत निसानचा कारभार बघणारे युताका काटायामा या गाडीमागे हात धुवून लागले होते, झेडवाले त्यांना अजून मिस्टर के म्हणतात.

रेसिंगचं म्हणाल तर जॉन मॉर्टनने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं एससीसीएची, म्हणजे अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबची, सी-प्रॉडक्शन क्लासची चॅम्पियनशिप जिंकली, गाडी पीट ब्रॉकच्या टीमची, लाल-पांढरी-निळी, आजही अर्धे लोक आपली झेड तशीच रंगवतात. आणि आफ्रिकेतली सफारी रॅली, चिखल, धूळ, पूर आलेल्या नद्या, ती झेडने १९७१ला जिंकली आणि १९७३ला परत, आणि ७३ला चालवणारा होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला, मूळचा भारतीय घरातला. निसानच्याच दुसऱ्या गाडीशी गुण बरोबरीत सुटले होते इतकी अटीतटीची झाली ती. आपल्याकडे क्रिकेट सोडून असल्या माणसाचं नाव कोणाला माहीत नसतं याचा मला दरवेळी वैताग येतो, असो.

आता आर३२. ही वेगळीच जात आहे. झेड ही आधी रस्त्यावरची गाडी, मग तिला रेसला नेलं. आर३२ ही रेसचं नियमपुस्तक समोर ठेवून बनवलेली गाडी. ग्रुप ए, म्हणजे तेव्हाच्या टूरिंग कार रेसचे नियम, त्यात टर्बो असेल तर इंजिनच्या साइझला १.७ने गुणायचे, हिचं इंजिन २,५६८ सीसी, गुणून बघा, ४.३७ लिटर येतं, म्हणजे साडेचारच्या क्लासमध्ये बरोबर बसतं. इंजिनचा आकार नियमावरून ठरवलाय हो! दोन टर्बो, गरज पडली की पुढच्या चाकांना ताकद देणारी सिस्टीम, मागची चाकंही थोडी वळणारी. कागदावर २८० हॉर्सपॉवर, कारण जपानी कंपन्यांचं आपापसात ठरलं होतं की त्यावर लिहायचं नाही, खरी किती होती ते सगळ्यांना माहीत होतं. १९९० ते १९९३ जपानच्या टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये २९ रेस, २९ जिंकल्या. ऑस्ट्रेलियात जाऊन १९९१ आणि १९९२ला बाथर्स्टची मोठी रेस जिंकली, तिथल्याच एका मासिकाने आधीच हिला गॉडझिला म्हणून ठेवलं होतं, आणि १९९३ला तिथे पाच लिटर व्ही८चे नियम आले आणि हिचा पत्ता कट.

या दोघींचे भाव का चढले याला लोक फार मोठमोठी कारणं देतात. मला विचाराल तर साधं आहे, ज्यांनी शाळेत असताना प्लेस्टेशनवर या गाड्या चालवल्या ती पोरं आता चाळिशीत आली आणि त्यांच्याकडे पैसे आले. त्यात अमेरिकेचा २५ वर्षांचा नियम, तेवढी जुनी झाली की परदेशी गाडीला इथले सेफ्टीचे नियम लागू होत नाहीत, त्यामुळे २०१४पासून पहिल्या आर३२ इथे यायला लागल्या आणि जपानमधला माल आटत गेला. झेडचं जानेवारी २०२०मध्ये एक १९७१चं मॉडेल ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेलं आणि गल्लीबोळातला प्रत्येक झेडवाला स्वतःला लखपती समजायला लागला. पण ती गाडी जवळजवळ नव्यासारखी होती, ती आपली नव्हे. साधी चालती झेड ज्या पैशात येते त्या पैशात बरी आर३२ सहसा येत नाही, आणि आली तर का आली ते विचारा.

विकत घेताना काय बघायचं, तर झेडसाठी खिशात एक लोहचुंबक, रुमालात गुंडाळून. मी माझी घ्यायला गेलो तेव्हा विकणारा म्हणाला गंज अजिबात नाही, रंग एकदम चकाचक. बॅटरीखालच्या ट्रेपाशी बोट लावलं तर पापुद्रा निघून हातात आला, खारीच्या पापुद्र्यासारखा. मग दाराच्या मागे चाकापुढचा कोपरा, तिथे चुंबक लावला तर तो सरळ खाली पडला, म्हणजे पत्रा गेला, आत पुट्टी भरलेली. पायाखालचं कार्पेट उचललं तर मला गॅरेजची फरशी दिसली, खोटं नाही सांगत. तिथून निघालो आणि चार महिन्यांनी दुसरी घेतली. इंजिन बघायचं ते शेवटी, कारण ते इंजिन सहसा मरत नाही, पत्रा मरतो. एक गोष्ट, १९७३च्या मॉडेलवरचे चपटे कार्बोरेटर लोक काढून जुने गोल बसवतात, ते केलेलं असेल तर नाक मुरडू नका, उपकार माना. इंजिनचा नंबर मात्र बॉनेटखालच्या पट्टीशी जुळतो का बघा.

आर३२चं उलटं आहे. तिचे दोष दिसत नाहीत. पहिलं, चासिस नंबर बीएनआर३२ ने सुरू झाला पाहिजे, एचसीआर३२ असेल तर ती साधी टर्बो स्कायलाइन आहे, वर जीटी-आरचे कपडे घातलेली. दुसरं, सुरुवातीच्या इंजिनात क्रँकची जी कॉलर ऑइल पंप फिरवते ती अरुंद आहे, जोरात चालवली की पंपाचा गिअर तुटतो आणि मग पूर्ण इंजिन उतरवा, म्हणजे भाच्याने पाठवलेल्या १९९१च्या गाडीत ते बदललंय का, बिल दाखवा. तिसरं, मूळ टर्बोतलं चाक सिरॅमिकचं आहे, कोणी बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला असेल तर ते फुटून तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. गंज हिलाही येतो, जॅक लावायच्या जागी आणि मागच्या सस्पेन्शनच्या टॉवरवर, पण जपानहून येताना खालून काळा लेप मारून आलेली असते, चुंबक काय करणार. मित्राची गाडी आणली तेव्हा ऑक्शन शीटवर, म्हणजे जपानच्या लिलावातल्या तपासणीच्या कागदावर, सगळं छान होतं आणि पहिल्या तीन महिन्यांत गाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढे पैसे वर्कशॉपला गेले.

पार्ट्सचं दोघींचंही बरं आहे, झेडचं सगळं इथे मिळतं आणि आपल्या हाताने बसतं, आर३२साठी निसान स्वतः २०१७पासून जुने पार्ट परत बनवून देतेय, पण ते भाव बघून चहा गार होतो.

चालवायला? झेडचं स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड, उन्हाळ्यात भट्टी, पण चाळीसच्या स्पीडलाही मजा येते. आर३२ चाळीसला कंटाळते. तिचं स्टिअरिंग उजवीकडे, मी पुण्यात शिकलेलो त्यामुळे डाव्या हाताने गिअर टाकताना घरी आल्यासारखं वाटलं, इंडिकेटरही उजव्या हाताला. मग टर्नपाइकवर ट्रकच्या मागे अडकलो, ओव्हरटेकला समोरचं काही दिसेना, तेव्हा घर विसरलो.

भारतात न्यायची कोणाची इच्छा असेल तर २०२५मध्ये आयातीचा नियम बदलून वय ५० वर्षांवर आणलंय, त्या हिशोबाने झेड वयात बसते, आर३२ला अजून बरीच वर्षं थांबावं लागेल. ड्यूटी भरायचीच आहे, ती ऐकून बसून घ्या.

भाच्याचं उत्तर खरं तर त्याच्या पत्त्यातच होतं. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाडीला स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, नाही, पण बाहेरून आणलेली आर३२ तिथे २५ वर्षांची झाली तरी राज्याच्या एमिशनमधून पास करावी लागते, लॅब, कन्व्हर्टर, हजारो डॉलर. इकडे न्यू जर्सीत असता आणि स्वतः पाना न धरता चांगल्या मेकॅनिकला पैसे द्यायची तयारी असती तर मी म्हटलं असतं घे जीटी-आर, तसली गाडी परत होणे नाही. पहिली जुनी गाडी म्हणून मात्र मी झेडच सांगीन, तिचा आजार निदान डोळ्यांना दिसतो.

त्याला हे सगळं लिहून पाठवलं. सकाळी त्याचा रिप्लाय, "मामा, चुंबक कुठला घेऊ?"

फ्रिजवरचा काढ म्हटलं, चालतो.