राजधानी क्षेत्राचा भिंतीवरचा नकाशा : घ्या, पण जवळ पेन्सिल ठेवा

आमची नात गेल्या श्रावणात झाली. मुलगा-सून दिल्लीत प्रीत विहारला राहतात, बाळंतपण झालं कौशांबीला, मेट्रोनं तिसरं स्टेशन. जन्मदाखल्यासाठी मुलगा घराजवळच्या कचेरीत गेला, तर त्याला परत पाठवलं. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, आणि कौशांबी दिल्लीत नाही. ते गाझियाबाद नगर निगमात (महानगरपालिकेत), म्हणजे उत्तर प्रदेशात येतं. आनंद विहारहून गाडी सुटली की पुढच्याच स्टेशनला राज्य बदलतं. मी एकतीस वर्षं ग्वाल्हेरात भूगोल शिकवला आणि मुलाला वेळेवर हे सांगू शकले नाही, याची रुखरुख लागली. राजधानी क्षेत्राचा, म्हणजे दिल्ली आणि भोवतीच्या तीन राज्यांतल्या जिल्ह्यांचा, हा नकाशा मी त्यासाठी घेतला.

दुकान ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, बाडा चौकापासून चालत पाच मिनिटांवर. शाळेची चित्रं, पृथ्वीचे गोल, नकाशे, सगळं छतापर्यंत रचलेलं. दुकानदार भय्यांनी आधी जी गुंडाळी काढली ती जुनी निघाली. तीत दिल्लीचे तीन नगर निगम होते : उत्तर, दक्षिण आणि पूर्व. ती वाटणी २०१२ सालची. मे २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक झाले. मी बोट ठेवून दाखवलं, तर ते कुरकुर न करता शिडीवर चढले आणि धूळ झटकत नवी आवृत्ती खाली घेऊन आले. गिऱ्हाइकाचं इतकं ऐकून घेणारा दुकानदार आता विरळा. साधारण चार फूट बाय तीन फूट, लॅमिनेशन केलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या. साडेचारशे रुपये पडले.

नकाशा हिंदीत आहे, छपाई स्वच्छ, आणि रंगांची निवड फार चांगली. चार राज्यांना चार रंग दिलेत, त्यामुळे भिंतीवर लावल्या लावल्या जे दिसतं ते पुस्तकातल्या आकड्यांतून कधी दिसलं नव्हतं. सगळं क्षेत्र ५५,०८३ चौरस किलोमीटर. त्यात दिल्ली फक्त १,४८३. हरियाणाचा रंग सर्वांत मोठा, चौदा जिल्हे, जींद आणि कर्नालपर्यंत पसरलेला. उत्तर प्रदेशाचे आठ जिल्हे पूर्वेला, राजस्थानचा अलवर-भरतपूरचा पट्टा खाली दक्षिणेला. मी शिकवायला लागले तेव्हा भरतपूर यात नव्हतं. २०१३ साली आलं. मुलांना मी जो आकार फळ्यावर काढून दाखवायचे तो आता चुकीचा आहे.

कोपऱ्यात लोकसंख्येचा तक्ता आहे, आणि माझी पहिली तक्रार तिथंच. दिल्लीसमोर १,६७,८७,९४१ छापलंय, पण साल कुठंच नाही. हा आकडा २०११ च्या जनगणनेचा. नवी गणना २०२७ ची, म्हणजे तक्ता खोटा नाही, पण साल न लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला तो आजचा वाटेल. शाळेत लावायच्या नकाशात हे चालणार नाही. मी मार्करनं वर '२०११' लिहून टाकलं. तरी तक्ता वाचण्यासारखा आहे. गाझियाबाद साडेसोळा लाखांच्या आसपास, फरिदाबाद चौदा लाख. त्याच वर्षी आपलं ग्वाल्हेर साडेदहा लाखांचं होतं. दिल्लीला लागून असलेली ही 'उपनगरं' आपल्या अख्ख्या शहराहून मोठी आहेत.

दुसरी चूक जास्त गंभीर. नगर निगमांसाठी लाल चौकोन वापरलाय, आणि तोच चौकोन नोएडावरही आहे. नोएडात नगर निगमच नाही. १९७६ साली औद्योगिक वसाहत म्हणून ते गाव उभं राहिलं आणि आजही कारभार सरकारनं नेमलेलं प्राधिकरण बघतं. तिथं निवडून आलेला नगरसेवक नसतो. माझी भाची तिथं राहते. गल्लीतल्या दिव्यासाठी कुणाच्या दारात जायचं हा प्रश्न तिच्यासाठी रोजचा आहे. त्या लाल चौकोनामुळे तिला उत्तर चुकीचं मिळेल. याउलट दिल्लीच्या आतले तीन तुकडे नीट दाखवलेत : मोठा नगर निगम, नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि छावणी मंडळ. मानेसरचा २०२० सालचा नगर निगमही आहे. इतकं नेमकं काम करणाऱ्यांनी नोएडाकडे लक्ष द्यायला हवं होतं.

दिल्ली ते गाझियाबाद हा भाग फार दाटलाय. कौशांबी शोधायला मला भिंग घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या कागदावर तेवढ्याच भागाचा एक वेगळा मोठा चौकोन सहज बसला असता, कारण माणसं अडतात ती तिथंच, राज्यांच्या शिवेवर. जींदच्या शेतांना एवढी जागा कशाला?

आणि ग्वाल्हेर? नकाशा भरतपूरच्या खाली संपतो. आमच्या गावाकडे नुसता बाण आहे, त्यावर 'ग्वालियर'. पण राजधानी क्षेत्राच्या पहिल्या आराखड्यात, १९८९ साली, दिल्लीकडे जाणारा लोंढा थोपवायला जी पाच शहरं 'काउंटर मॅग्नेट' म्हणून निवडली त्यांत ग्वाल्हेर होतं. हिसार, बरेली, कोटा, पटियाला यांच्या बरोबरीनं. वर्गात हे सांगताना मला अभिमान वाटायचा. इथल्या मुलांना इथंच काम मिळेल, अशी ती कल्पना. माझा मुलगा गतिमान एक्सप्रेसनं दिल्लीला गेला आणि तिकडचाच झाला. ग्वाल्हेरचा तो बाण सोडला तर या पाच शहरांची नावं नकाशावर कुठंही नाहीत.

तरीही घ्या. ज्यांची मुलं 'दिल्लीत' आहेत अशा प्रत्येक घरानं घ्यावा, कारण पत्ता नक्की कोणत्या राज्यात आणि कोणत्या निगमात पडतो हे एका नजरेत कळतं. पाचपैकी साडेतीन तारे. आमचा जेवणघरात लावलाय, नातीचं जन्मठिकाण लाल शाईनं गोल केलंय, आणि खाली बाणाशेजारी पाचही शहरांची नावं मी पेन्सिलनं लिहिली आहेत.