सोनौलीला गाडी बदलायची की नाही?

आम्हा खान्देशी माणसांना सीमा म्हटलं की आधी नवापूर आठवतं. स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बाकावर जरा सरकून बसलं की राज्य बदललं. इकडे शिरपूरवरून आग्रा रोडने पळासनेर सोडलं की मध्य प्रदेश, आणि गाडी तीच, ड्रायव्हर तोच, चहा तेवढा गोड होतो. नेपाळची सीमाही साधारण अशीच असेल, असं धरून आम्ही पहिल्यांदा गेलो होतो.

दोनदा जाणं झालं. पहिल्या खेपेला गोरखपूरला ठरवलेली गाडी थेट पोखऱ्यापर्यंत नेली. दुसऱ्या खेपेला सोनौलीच्या, म्हणजे भारताच्या बाजूच्या सीमेवरच्या गावाच्या, गेटाशी तिला रामराम केला, पायी पलीकडे गेलो आणि नेपाळी गाडी घेतली. तेव्हापासून अमळनेर-चोपड्याकडचं कुणी नेपाळला निघालं की फोन येतो. आता चोपड्याची मावशी सहा जणांना घेऊन निघाली आहे, त्यात दोघं सत्तरीच्या पुढची. तिला फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

घरूनच गाडी काढायचा विचार असेल तर तो आधी सोडा. जळगाव ते गोरखपूर हे अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आहे, दोन दिवस त्यातच जातात आणि खरा घाट सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हर थकलेला असतो. जळगाव किंवा भुसावळहून काशी एक्स्प्रेस किंवा कुशीनगर एक्स्प्रेस पकडा. दोन्ही थेट गोरखपूरला नेतात. काशी वाटेत वाराणसीलाही थांबते, त्यामुळे विश्वनाथाचं दर्शन जोडता येतं. गोरखपूरहून सोनौली शंभरेक किलोमीटर. पलीकडच्या गावाचं नाव बेलहिया, तिथून चार-पाच किलोमीटरवर भैरहवा, लुंबिनी पंचवीसेक, पोखरा पाल्पामार्गे एकशेऐंशीच्या आसपास आणि काठमांडू पावणेतीनशे.

गोरखपूरच्या गाडीचं सुख पहिल्यांदा सांगतो, कारण ते खरंच आहे. स्टेशनवर टपावर चढवलेल्या बॅगा हॉटेलातच उतरतात. ड्रायव्हरशी हिंदीत बोलता येतं, भाडं भारतीय रुपयांत ठरतं, आणि आईने बांधून आणलेल्या दशम्यांचा डबा चार दिवस सीटखाली एकाच जागी राहतो. सोबत म्हातारी माणसं असली की ही गोष्ट लहान नसते.

पण बेलहियाला त्या गाडीचा पाहुणचार होतो. परदेशी गाडीला नेपाळमध्ये शिरताना भन्सार भरावा लागतो, म्हणजे जितके दिवस गाडी तिकडे राहणार तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यायची. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची गाडी असेल तर तिकडच्या यातायात कार्यालयाचा परवाना वेगळा. आपल्याकडचं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नावाप्रमाणे ऑल इंडियाच, गेटापलीकडे त्याला कुणी विचारत नाही. शिवाय गाडी चालवणाऱ्याच्या नावावर नसेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं.

आमचं घोडं नेमकं इथेच अडलं. खिडकीतल्या साहेबाने आरसी बुक उलटसुलट करून पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं, गाडी कोणाची? ड्रायव्हर म्हणाला, शेठची. बुकावर शेठच्या मेव्हण्याचं नाव. मागे उभे असलेले आमचे आप्पा मला हळूच म्हणाले, “गाडी कोनी शे, हाई ते आपुनबी इचारं नही.” तीन तास गेले. मेव्हण्याला फोन लागला, पत्र टाइप झालं, मोबाइलवर आलं, मग ड्रायव्हर परत भारताच्या बाजूला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून घेऊन आला. आई तोपर्यंत रस्त्याकडेला बॅगेवर बसून होती, आणि ट्रक असे घासून जात होते की तिने पदर तोंडावरून काढलाच नाही.

दुसरी गंमत परतीला कळली. आमचा दौरा चार दिवसांचा होता आणि पठ्ठ्याने भन्सार तीनच दिवसांचा भरला होता. दंड निघाला. तो म्हणतो तुम्ही भरा, मी म्हणतो तू भर. शेवटी निम्मा-निम्मा केला. तेव्हा थेट गाडी घेणार असाल तर पावती स्वतःच्या हातात घेऊन त्यावरचे दिवस मोजा. मोजताना लाज वाटायचं कारण नाही.

विम्याचं तर कुणी बोलतच नाही. आपल्याकडची मोटार पॉलिसी मुळात भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे देशांसाठी जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, आणि पॉलिसीवर त्याची नोंद ‘आयएमटी १’ या कलमाने येते. गोरखपूरच्या गाडीवाल्याला फोनवर एवढंच विचारा, की आयएमटी एक घेतलंय का? ज्याने घेतलंय तो लगेच पॉलिसीचा फोटो पाठवतो. बाकीचे म्हणतात, ‘सर, सब हो जाएगा.’ काही जण पांढऱ्या पाटीची गाडी पुढे करतात, कारण खाजगी म्हणून तिला कागद कमी लागतात. ती तर मुळीच घेऊ नका. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने चालवणं बसतच नाही, म्हणजे काही झालं तर भारतातसुद्धा दावा अडेल, नेपाळ तर दूरच.

आता गाडी बदलण्याची बाजू.

सोनौलीच्या गेटातून भारतीय माणूस पायी सहज पलीकडे जातो. व्हिसा नाही, शिक्का नाही. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड ठेवा. आधार हे पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्यांसाठी चालतं. मधल्या वयाच्यांनी त्याच्या भरवशावर जाऊ नये. पायी जाणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात, आणि मग पुढे हॉटेलात किंवा परतीचं विमान घ्यायचं ठरलं की अडतात.

पलीकडे गेल्या गेल्या दोन गोष्टी बदलतात. एक, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं. आम्ही सकाळी सातची गाडी सांगितली होती. आमच्या सातला आम्ही पोचलो तेव्हा त्याचे सव्वासात झाले होते आणि तो तोंड पाडून उभा होता. दोन, पैसे. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे, शंभरास एकशेसाठ. म्हणून कुणी भाडं सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा. हा प्रश्न न विचारता मान डोलावली तर दहा हजारांचा सौदा उतरताना सोळा हजारांचा झालेला असतो. शंभराच्या नोटा भरपूर न्या. यूपीआय २०२४ पासून तिकडच्या फोनपेच्या क्यूआरवर दुकानांत चालतं (हा फोनपे आपला नव्हे, नावाचा जुळा भाऊ), पण ड्रायव्हरला रोखच लागते.

गाड्यांच्या बहुतेक पाट्या अजून देवनागरीत आहेत. आप्पा त्या मोठ्याने वाचत सुटले होते. रंग मात्र ध्यानात ठेवण्यासारखे: लाल पाटी खाजगी, काळी भाड्याची, हिरवी पर्यटकांसाठीची. तुम्हाला काळी किंवा हिरवी हवी. लाल पाटीवाला शेजारी येऊन स्वस्तात नेतो म्हणाला तर तो आपल्याकडच्या पांढऱ्या पाटीवाल्याचाच चुलतभाऊ समजा.

भाडं ऐकून आधी धक्का बसेल. नेपाळमध्ये गाड्यांवर जबर कर आहे, आपली स्कॉर्पिओच तिकडे कितीतरी महाग पडते, आणि ते भाड्यात उतरतं. पण गोरखपूरच्या गाडीचा हिशेब पूर्ण मांडून बघा: जाण्यायेण्याचे किलोमीटर, ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, भन्सार, यातायातचा परवाना, आणि काठमांडूला सोडून परत पाठवलीत तरी रिकाम्या परतीचं भाडं. आमच्या दोन खेपांमध्ये माणशी फरक पडला सहाशेच्या आसपास, आणि महाग पडली ती नेपाळी गाडी. सहाशे रुपयांवरून मी तरी निर्णय घेणार नाही.

निर्णय ठरतो भैरहव्यानंतर लागणाऱ्या बुटवल गावाच्या पुढे. तिथपर्यंत सपाट तराई आहे, कुणीही गाडी हाकावी. बुटवल सुटलं की पोखऱ्याकडे जाणाऱ्या पाल्प्याच्या रस्त्यावर लगेच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, जिथे पावसाळ्यात वरून दगड येतात. म्हणूनच तिथे बोगदा काढायला घेतला. दुसऱ्या खेपेचा आमचा नेपाळी ड्रायव्हर तोवर गाणी लावून मजेत होता. सिद्धबाबाच्या अलीकडे त्याने गाणं बंद केलं, काच खाली केली, एसी बंद केला, आणि मान बाहेर काढून वर डोंगराकडे बघत, कान देत सावकाश गाडी काढली. पलीकडे गेल्यावर काच वर, गाणं सुरू. पहिल्या खेपेच्या ड्रायव्हरने त्याच जागी पुढच्या ट्रकला ओव्हरटेक केलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्या डोंगराची आणि त्याची ओळख नव्हती, इतकंच. कन्नड घाटात परगावचा ड्रायव्हर कुठे चुकतो हे आपल्याला दिसतं ना, तसंच.

काठमांडूकडे जाणारा बुटवल–नारायणगढ रस्ता तर २०१९ पासून रुंदीकरणात आहे. दाउन्नेच्या चढावर धूळ, चिखल आणि रांगा हे लोकांनी वर्षानुवर्षं भोगलं. पुढे नारायणगढ–मुग्लिन त्रिशूली नदीला लागून जातो. १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर सिमलतालला दरड आली आणि दोन बसा नदीत गेल्या. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली गोरखपूर पासिंगची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यात आपली वरणगाव-भुसावळकडची पंचवीसेक माणसं गेली. वायुदलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आले, ती रात्र इकडे कुणी विसरलेलं नाही. त्या अपघाताचं कारण सांगणारा मी कोण. पण तेव्हापासून आमच्याकडे नेपाळचं नाव काढलं की घरातली बाई आधी विचारते, गाडी कोण चालवणार? हा प्रश्न बरोबर आहे, आणि मी गाडी बदलण्याच्या बाजूने बोलतो ते त्याच्याचमुळे. जून ते सप्टेंबर तर या वाटेला जाऊच नका, कुठल्याही गाडीने.

नेपाळी गाडीतही सगळं गोडच नाही. चढाला एसी बंद होतो. ड्रायव्हर सकाळी दहालाच दाल-भात खायला थांबतो, त्याच्या ठरलेल्या हॉटेलात, आणि तुम्हाला तेव्हा भूकच नसते. गेटाशी घोळका करणारे एजंट मनाला येईल तो आकडा सांगतात, त्यांच्याकडून गाडी घेऊच नका. भैरहवा किंवा लुंबिनीत जिथे मुक्काम करणार त्या हॉटेलला आदल्या दिवशी सांगितलं तर गाडी येते आणि भाडंही माणसात राहतं. आता तिकडे इलेक्ट्रिक गाड्या खूप झाल्या आहेत. तशी मिळाली तर वाटेत चार्जिंगला कुठे आणि किती वेळ थांबणार ते आधी विचारून घ्या. एक फायदा मात्र मोठा: गाडी बिघडली तर तो पुढच्या गावातून दुसरी मागवतो. गोरखपूरची गाडी पोखऱ्याच्या वाटेवर वालिंगला बंद पडली तर भन्सारची पावती हातात धरून तुम्ही आणि ती, दोघं तिथेच.

मग गोरखपूरची गाडी कुणी घ्यावी? ज्यांना फक्त लुंबिनी करायची आहे त्यांनी. भुसावळ-जळगावकडून सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी यात्रा करणारी कितीतरी कुटुंबं आहेत. कुशीनगर गोरखपूरहून पन्नासेक किलोमीटर, लुंबिनी सीमेपासून पंचवीसेक, सगळा सपाट रस्ता. एका दिवसाचा भन्सार, संध्याकाळी परत. इथे गाडी बदलणं म्हणजे उगाच खटाटोप. फक्त अधिकारपत्र आणि आयएमटी एकचा कागद आधी बघा.

पोखरा, काठमांडू किंवा दोन्ही असेल तर सोनौलीला बदला. आणि मावशीच्या मनात मुक्तिनाथ आहे, तर तिला तिसरी गाडी लागेल. पोखऱ्याहून बेनी, जोमसोम असा तो रस्ता उंच चाकांच्या जीपचा आहे, त्याची गाडी पोखऱ्यातच ठरवावी, सोनौलीत कुणी ‘पॅकेज’ म्हणून गळ्यात मारत असला तरी. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. सत्तरीच्या दोघांना घेऊन एका दमात वर जायचं नाही, वाटेत मुक्काम हवाच.

मावशीचा शेवटचा प्रश्न सामानाचा होता. गेटापाशी दोन्ही बाजूंना सायकलरिक्षा मिळतात, बॅगा त्यात टाकायच्या आणि आपण बाजूने चालायचं, दहा मिनिटांचं काम. लोणच्याची बरणी तेवढी हातात ठेव म्हटलं, रस्त्याला खड्डे आहेत.